पॉवर स्टेअरिंग घुरघुरत असेल तर कणकवलीच्या या गॅरेजात आधी दाखवा

कणकवलीहून फोंड्याच्या रस्त्याला लागलं की गावाबाहेर पडता पडता एक लांब पत्र्याची शेड लागते. पुढे चिंचेचं झाड, झाडाखाली बोनेट उघडलेल्या दोन-तीन गाड्या, आणि पाटी कुठेच नाही. आजूबाजूच्या कोणालाही ‘स्टेअरिंगवाले मेस्त्री खंय?’ म्हणून विचारा, हात करून दाखवतात. आमच्या गाडीच्या पॉवर स्टेअरिंगचा आवाज या गॅरेजात गेला. खर्च ३,१८० रुपये, आणि रॅक (पुढची चाकं वळवणारा स्टेअरिंगचा भाग) किंवा पंप यांतलं काहीही न बदलता. ज्यांची गाडी जुनी आहे, तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगची आहे आणि वळवताना आवाज करते आहे, त्यांनी मोठ्या खर्चाला ‘हो’ म्हणण्याआधी इथे एकदा जाऊन यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. सविस्तर लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत असं लिहिलेलं मला कुठे मिळालं नाही.

गाडी सात सीटर, डिझेल, घेतल्याला बारा वर्षं होऊन गेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. दोष कंपनीचा नव्हता, आणि ज्या गाड्यांत स्टेअरिंगचा पंप इंजिनाच्या बेल्टवर फिरतो त्या सगळ्यांना हे लागू आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळा आतल्या गावात, तिथला रस्ता अरुंद आणि वळणांचा. शिवाय सासूबाईंचे डोळे दाखवायला आम्ही कोल्हापूरला जातो. फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी असा रस्ता ठरलेला. म्हणजे स्टेअरिंगला आमच्याकडे विश्रांती अशी नाहीच.

आवाज सुरू झाला तो पावसाळा सरता सरता. सकाळी गाडी चालू करून अंगणातून मागे घेताना पुढच्या बाजूने ‘घूंऽऽ’ असा सूर. ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा, पाय काढला की उतरायचा. स्टेअरिंग सरळ असेल तर जवळजवळ ऐकू येत नसे. वळवायला घेतलं की लगेच. गाडी तापली की कमी व्हायचा, म्हणून घरात सगळे म्हणाले, चालू दे. काही आठवड्यांनी तापलेल्या गाडीतही येऊ लागला. घाटात तर फारच. हेअरपिन वळणावर गाडी दुसऱ्या गिअरला, इंजिन हळू फिरतंय, आणि स्टेअरिंग मात्र जवळजवळ पुरं मारायचं. म्हणजे पंपाकडून मागणी सगळ्यांत जास्त आणि पंप फिरतोय सगळ्यांत हळू. तिथे स्टेअरिंग मध्येच जड व्हायचं आणि हाताला थरथर जाणवायची. समोरून एसटी उतरत असताना हे झालं, तेव्हा मागे बसलेल्या सासूबाईंनी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली. त्यानंतर मी ती गाडी घाटात घालायची नाही असं ठरवलं.

या गॅरेजात येण्याआधी गाडी दोन ठिकाणी दाखवली होती. एका मोठ्या वर्कशॉपात छापील अंदाजपत्रक हातात ठेवलं: रॅक असेंब्ली, पंप, तेल, मजुरी, अलाइनमेंट. एकूण ३८ हजारांच्या वर. आवाज ऐकायला त्यांचा माणूस गाडीत बसला, स्टेअरिंग दोनदा फिरवलं आणि उतरला. बोनेट उघडलं नाही. दुसऱ्या ठिकाणी तेल कमी आहे म्हणून वरून भरून दिलं. कुठलं तेल घातलं विचारलं तर उत्तर आलं, ‘स्टेअरिंगचं.’ आवाज थोडे दिवस दबला आणि परत आला, उलट जरा जाडा होऊन. शाळेतल्या आमच्या शिपायांनी मग या मेस्त्रींचं नाव सांगितलं. त्यांच्या भावाचा टेम्पो इथेच येतो.

मेस्त्रींनी पहिल्यांदा विचारलं ते हे की आवाज थंड गाडीत जास्त की गरम गाडीत. मग विचारलं, तेल शेवटचं कोणी आणि कधी बदललं. बारा वर्षांत बदललेलं नाही, फक्त भरलं आहे, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली आणि सरळ स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढलं. टॉर्च आत मारून मला बोलावलं. आत तेलावर ताक घुसळल्यावर येतो तसा फेस होता. रंगही लाल असायला हवा तो राहिला नव्हता, काळपट तपकिरी झाला होता.

‘वारो खंयसून तरी आत येता,’ ते म्हणाले. ‘पंपाक निसता त्याल गावना नाय, वारो पण गावता. म्हणान रडता तो.’

इथे मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण पंपाला नुसतं तेल मिळत नाही, हवाही मिळते, या एका वाक्यात सगळा रोग आहे. पॉवर स्टेअरिंगच्या पंपाला पास्कलच्या नियमावर काम करायचं असतं: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. पंप तेल दाबतो, ते रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला जातं आणि तुमच्या हाताला मदत करतं. द्रव दाबला जात नाही, म्हणून हे जमतं. हवा दाबली जाते. तेलात बुडबुडे आले की पंपाची मेहनत बुडबुडे दाबण्यात जाते, ते पात्यांपाशी फुटतात, आणि तो फुटण्याचा आवाज म्हणजे आपला ‘घूंऽऽ’. स्टेअरिंग मध्येच जड होतं तेही यामुळेच. आणि नुसता आवाज सहन करून चालवत राहिलं तर पंपाच्या आतला गुळगुळीत भाग खरवडला जातो. मग खरोखरच पंप बदलावा लागतो. म्हणजे हवेचा आवाज वेळेत ओळखणं हा पैसे वाचवण्याचा भाग आहेच, पण पंप वाचवण्याचाही आहे.

फेस दिसला तरी मेस्त्रींनी बाकीच्या शक्यता सोडल्या नाहीत. मला त्यांचं हे फार आवडलं. आधी बेल्ट. अंगठ्याने दाबून ताण पाहिला, वाटीत पाणी घेऊन चालू बेल्टवर थोडं शिंपडलं. बेल्ट घसरत असेल तर पाण्याने आवाज लगेच बदलतो, बदलला नाही. बेल्टचा आवाज तसाही वेगळा, किंचाळल्यासारखा, आणि तो गाडी चालू केल्यावर किंवा स्टेअरिंग पुरं मारल्यावर येतो. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक एकदा पंपाच्या अंगावर, एकदा अल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करणारा), एकदा बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनर पुलीवर टेकवून मूठ कानाला लावली. बेअरिंग गेलेलं असेल तर ते स्टेअरिंग न फिरवताही घरघरतं. शेवटी पुढची चाकं जॅकवर घेऊन टायरॉड आणि बॉल जॉइंट (चाकांकडचे दांडे आणि सांधे) हलवून पाहिले, कारण खड्ड्यातून जाताना ‘टक’ असा आवाज येत असेल तर तो या वस्तूंचा असतो, तेलाशी त्याचा संबंध नसतो. आमच्या गाडीत तो नव्हता. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट, म्हणजे आवरणं, हाताने दाबून पाहिले, आत तेल साचलंय का म्हणून. कोरडे होते. म्हणजे रॅकची सीलं शाबूत.

‘रॅकाक हात लावची गरज नाय,’ एवढंच म्हणाले. ३८ हजारांचा कागद माझ्या पर्समध्ये होता. तो मी त्यांना दाखवला नाही, आणि त्यांनीही आधी कुठे गेला होतात, किती सांगितले, हे विचारलं नाही.

हवा कुठून येते ते शोधण्याची त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. टाकीतून पंपाकडे तेल जातं तो पाइप ओढीचा असतो. त्यात दाब नसतो, उलट पंप तो चोखत असतो. त्यामुळे त्याच्या सांध्याला फट पडली तर तेल बाहेर येईलच असं नाही. हवा आत जाते आणि खाली जमिनीवर एक थेंब दिसत नाही. म्हणून लोक म्हणतात, गळती नाही, मग पंपच गेला असेल. मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवून त्या पाइपाच्या पंपाकडच्या सांध्याभोवती बोटाने जाड ग्रीस भरलं आणि मला म्हणाले, ‘बाईनू, डाव्या बाजूक पुरा मारा. धरून ठेवू नकात, सोडा.’ आवाज अर्ध्यावर आला. मी दोन-तीनदा मारलं, तेवढ्यात ग्रीस एका जागी आत ओढलं जाऊन खळगा पडलेला त्यांनी दाखवला. फट तिथेच होती.

पाइप काढल्यावर कारण समोर आलं. त्या सांध्यावर मुळात स्प्रिंगची क्लिप असते. कोणीतरी कधीतरी ती काढून स्क्रूची पट्टी लावली होती आणि भरपूर आवळली होती. बारा वर्षांचं रबर उष्णतेने कडक झालेलं, त्यात पट्टीची धार रुतलेली, आणि पट्टी स्वतः आमच्या खाऱ्या दमट हवेत गंजून सैल पडलेली. स्प्रिंगची क्लिप रबर आक्रसलं तरी आपला दाब ठेवते. स्क्रूची पट्टी ठेवत नाही. किनारपट्टीला गाडी असणाऱ्यांनी बोनेटखालच्या सगळ्याच क्लिपा पावसाळ्यानंतर एकदा नजरेखालून घालाव्यात. मी तरी आता घालते.

दुसरं कारण टाकीच्या तळात होतं. टाकी काढून त्यांनी ती उलटी करून उन्हात धरली. तळाशी बारीक जाळी असते, पंपाकडे कचरा जाऊ नये म्हणून. ती जाळी काळ्या चिकट लगद्याने निम्म्याहून जास्त बंद झालेली. हा लगदा म्हणजे पाइपांचं आतून झडलेलं रबर आणि जळकं तेल. सकाळी थंड तेल घट्ट असतं, ते अशा जाळीतून पुरेसं उतरत नाही आणि पंप उपाशी राहतो. गाडी तापली की तेल पातळ होतं आणि उतरतं. सकाळी आवाज जास्त का येत होता त्याचं उत्तर मला त्या जाळीत मिळालं. माझ्या मनात तेव्हा ‘अच्छा!’ असं झालं ते खरंच वर्गात एखाद्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसतं तसं.

जाळी टाकीतच बसवलेली असते, सुटी निघत नाही. मेस्त्रींनी पेट्रोलने धुऊन बघितली, लगदा पूर्ण सुटेना. म्हणाले, अर्धवट धुतलेली लावली तर उरलेला लगदा सुटून पंपात जाईल. नवी टाकी कोल्हापूरहून मागवली. त्यासाठी गाडी तिथेच ठेवावी लागली आणि मी शाळेला एसटीने गेले. घाई असणाऱ्यांनी हे धरून चालावं: सुटे भाग इथे हातात नसतात.

भाग आल्यावर काम असं झालं. ओढीचा पाइप नवा, तेलासाठीचा. यावर मेस्त्री फार काटेकोर आहेत. रेडिएटरच्या पाण्याचा पाइप मापात बसतो म्हणून काही जण तोच लावतात, आणि तेलाने तो आतून फुगून सोलतो, असं त्यांनी जुना एक तुकडा फाडून दाखवलं. सांध्याला नवी ओ-रिंग (रबरी कडी), दोन्ही टोकांना स्प्रिंगच्या क्लिपा. मग तेल. टाकीच्या झाकणावर कुठलं तेल ते कोरलेलं असतं, आणि आमच्या गाडीला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), डेक्सरॉन थ्री जातीचं लागतं. ते लाल असतं. काही युरोपीय गाड्यांना हिरवं हायड्रॉलिक तेल लागतं, काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं असतं, आणि लाल-हिरवं एकत्र करायचं नसतं. झाकण वाचल्याशिवाय तेलाचा डबा उघडायचा नाही, हा त्यांच्याकडचा नियम आहे. काम शिकणाऱ्या पोराला त्यांनी ते मोठ्याने वाचायला लावलं.

त्या सकाळी पाऊस आला. अवकाळी पाऊस, शेडच्या एका कोपऱ्यातून पाणी गळत होतं. मेस्त्रींनी टाकीचं तोंड बांधून ठेवलं आणि काम थांबवलं. या तेलात पाणी गेलं की ते दुधाळ होतं आणि आतून गंज चढतो, म्हणून पाऊस पूर्ण थांबेपर्यंत डब्याला हात लावला नाही. मला दुपारची शाळा होती, उशीर झाला, पण त्यांचं बरोबर होतं.

मग पुढची चाकं उचलून स्टँडवर घेतली. परतीचा पाइप टाकीवरून काढून एका रिकाम्या बाटलीत सोडला, टाकीचं ते तोंड बुचाने बंद केलं. पोरगा स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवतोय, मेस्त्री वरून नवं तेल ओततायत, बाटलीत काळं तेल पडतंय. बाटलीत पडणारं तेल हळूहळू तपकिरी, मग विटकरी, मग लाल झालं. त्यात दोन लिटरचा डबा जवळजवळ संपला. पाइप परत जोडून, इंजिन बंद ठेवूनच पुन्हा कितीतरी वेळा टोकापासून टोकापर्यंत. इंजिन चालू करून घाईने फिरवलं तर पंप तेल आणि हवा एकत्र घुसळतो आणि फेस परत बसायला वेळ लागतो. प्रत्येक फेरीला टाकीत बुडबुडे वर येताना दिसत होते, ते यायचे थांबल्यावर मगच इंजिन.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा आवाज होता. मला धाकधूक झाली. मेस्त्री म्हणाले, बारीक बुडबुडे तेलात राहतात, ते उभ्या गाडीत रात्रभरात वर येतात, गाडी इथेच राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा टाकीतली पातळी बोटभर उतरली होती. ती भरली, थंडच्या खुणेपर्यंत. टाकीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात, थंड तेल गरमच्या खुणेला भरलं तर तापल्यावर फुगून बाहेर येतं. मग मला किल्ली दिली. चालू केली, स्टेअरिंग डावीकडे, उजवीकडे. इंजिनाचा आवाज सोडला तर काही नाही.

पैसे काढायला लागले तर म्हणाले, ‘घाटात जावन येवा, मगे पैशे देवा.’ मी खरोखरच फोंडा घाट चढून उतरून आले. हेअरपिनवर स्टेअरिंग एका सुरात हलकं. परत आले तेव्हा त्यांनी पुन्हा झाकण काढून तेल पाहिलं, फेस नव्हता. मग हिशेब दिला, वहीच्या कागदावर: टाकी ९५०, पाइप ३८०, दोन लिटर तेल ८४०, क्लिपा आणि ओ-रिंग ११०, मजुरी ९००.

एक आवाज अजून येतो आणि तो यायलाच हवा, म्हणून मुद्दाम लिहिते. स्टेअरिंग अगदी शेवटच्या टोकाला टेकवून धरलं की ‘सूंऽ’ असा बारीक आवाज होतो. तिथे पंपातला दाब सोडणारा व्हॉल्व उघडतो. अशा पंपात दाब साधारण ८० ते १०० बारपर्यंत चढतो. आपल्या टायरमध्ये हवा असते ती दोन-सव्वादोन बार. एवढा दाब धरून ठेवला की तेल झपाट्याने तापतं. म्हणून टोकाला टेकलं की किंचित मागे सोडायचं, पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत स्टेअरिंग रेटण्यापेक्षा गाडी जराशी हलती ठेवून फिरवावं, पंपावर भार कमी येतो. मेस्त्रींनी हे मला सांगितलं आणि मी घरात सगळ्यांना सांगितलं. मुलगा नवीन शिकतोय, त्याला रोज सांगते.

जाताना त्यांनी मला भंगारातला एक जुना पंप उघडून दिला, शाळेसाठी. माझी प्रश्नं ऐकून त्यांनाच सुचलं. आत अंडाकृती कडं, त्यात गोल रोटर, रोटरच्या खाचांत दहा पातळ पोलादी पात्या. रोटर फिरला की पात्या बाहेर सरकतात, कड्याला घासत तेल ढकलतात. या पंपाच्या कड्यावर आतून आडव्या लाटांसारखे ओरखडे आहेत. बुडबुड्यांवर चालत राहिल्याचा तो परिणाम. बोटाने लागतात. आता तो प्रयोगशाळेच्या कपाटात आहे आणि पास्कलचा नियम शिकवताना मी तो मुलांच्या हातात देते. फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ साली अशी यंत्रणा गाडीवर बसवून दाखवली होती, आणि बाजारातल्या मोटारीत ती आली १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. बाजारात यायला मधली पंचवीस वर्षं गेली हे मुलांना सांगितलं की त्यांना फार नवल वाटतं.

आता उणं. फोन उचलत नाहीत. हात तेलात असतात हे खरं, पण परत फोनही करत नाहीत. जाऊनच विचारावं लागतं. छापील बिल नाही, वॉरंटी तोंडी. बसायला एक बाक आहे, तोही बहुतेक वेळा पाने-पक्कडांनी भरलेला. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, हे मला खरोखर खटकलं आणि मी त्यांना तसं सांगितलंही. सीटवर काळा बोटांचा डाग राहिला होता. सीट कव्हर किंवा जुनी चादर टाकून गाडी दिलेली बरी. आणि नवीन गाड्यांचं इलेक्ट्रिक स्टेअरिंग ते घेत नाहीत. त्यात तेल नाही, पंप नाही, मोटर आणि सेन्सर असतात (जपानमध्ये सुझुकीने १९८८ मध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा दिलं, आणि आज आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत तेच असतं). अशी गाडी आणली तर ‘ह्यां माझा काम न्हय’ म्हणून सरळ परत पाठवतात. मी समोर बघितलंय, अशा एका गिऱ्हाइकाचा पाच मिनिटंही वेळ घालवला नाही.

आमच्या गाडीत रॅककडे जाणारा दाबाचा लोखंडी पाइप खालून गंजायला लागला आहे. मेस्त्रींनी तो खाली झोपून मला टॉर्चने दाखवला. बदलायचा सल्ला दिला असता तर मी बदलला असता, कारण तो फुटला तर घाटात स्टेअरिंग एकदम जड होईल. त्यांनी तारेच्या ब्रशने घासून, वर खरोखर फक्त पृष्ठभागाचाच गंज आहे हे दाखवून, गंजरोधक रंग मारला. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा बघू म्हणाले. या घासकामाचे पैसे हिशेबात नाहीत, वरच्या आकड्यांत बघा.

जाणार असाल तर चतुर्थीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस टाळा. चाकरमान्यांच्या आणि गावातल्या सगळ्या गाड्या तेव्हाच येतात, शेडच्या बाहेर रस्त्यापर्यंत रांग असते. रविवारी दुपारनंतर बंद. आवाज सकाळी येत असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी सोडा, त्यांना पहिल्या चावीचा आवाज ऐकायचा असतो आणि तापलेली गाडी नेली तर ती थंड होईपर्यंत थांबायला सांगतात. आधी कोणी काय बदललं, कुठलं तेल घातलं, याचा कागद असेल तर बरोबर न्या. यूपीआय चालतं.